चौकातल्या विहिरीची किल्ली

भास्कर, तुझ्या शोकसभेतून मी मध्येच उठून गेलो. लोकांना वाटलं, रडू आवरलं नाही. तसं काही नव्हतं. गल्लीतले वडीलधारे पुराणिकबुवा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर म्हणजे निर्भीड माणूस. पोटात एक आणि ओठात एक, असं त्यांचं कधी नव्हतं." तेवढं ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर तिथंच तोंड उघडलं असतं. गेलेल्या माणसाच्या सभेत भांडणारा गडूवाला, असं नाव झालं असतं. गल्लीत माझं नाव तसंही काही बरं नाही, पण त्यात तुझ्यामुळं आणखी भर नको होती.

आता वाचनालयाचा निरोप आलाय, की तुम्ही मास्तरांचे जुने स्नेही, चार ओळी लिहून द्या, मासिकात घालू. मी म्हटलं, देतो, पण एक शब्द बदलायचा नाही. ते हो म्हणाले. छापतील की चुलीत घालतील, ते त्यांचं त्यांनी बघावं. तू कुठं जन्मलास, किती मुलं शिकवलीस, ते दुसरे लिहितील. मी तुझ्याशीच बोलणार आहे. आपलं एक बोलणं अर्धवट राहिलंय, आणि ते अर्धवट तू ठेवलंस.

मी काशीला आलो तो वेद शिकायला, म्हणजे बापानं त्यासाठी पाठवला. खरं कारण वेगळं होतं. कृष्णाकाठच्या आमच्या गावात मी बाजाराच्या दिवशी गुळाच्या ढेपा विकायला बसलो होतो. भटाचा पोर तराजू धरतो म्हणून पंचांनी बापाला देवळात बोलावून चौघांत समज दिली. बापाची मान खाली गेली ती मी गाव सोडेपर्यंत वर झाली नाही. इथं पाठशाळेत तरी काय, संहिता पाठ होईना आणि डोळा सगळा घाटावरच्या बाजारात. पाठशाळा सुटली तसं अन्नछत्रातलं जेवणही सुटलं. त्या दिवसांत तुझ्या आईनं मला पानावर बसवलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. "रघुनाथ, भाताला लाजू नको," एवढंच म्हणाली. तू तेव्हा इंग्रजी शाळेत नुकता मास्तर झाला होतास. मला रेल्वेच्या पार्सलबाबूशी बोलण्यापुरतं इंग्रजी तू शिकवलंस आणि अंगणात पहिली भट्टी लावायला जागाही तूच दिलीस.

दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंना गंगेचं पाणी घरी न्यायचं असतं. तांब्याचा गडू, त्यात गंगा, आणि तोंड कथलानं झाळून बंद. मी तोच धंदा उचलला. पहिला गडू झाळताना माझा अंगठा भाजला आणि तू वर म्हणालास, "आता खरा गंगापुत्र झालास." गल्लीत कुजबुज सुरू झाली. वेद टाकून भांडी विकतो, म्हणजे गावात जे झालं तेच इथं होणार, असं मी धरून चाललो होतो. बोचकंही बांधलं होतं. पण चौकात विषय निघाला तेव्हा तू उभा राहिलास. पुराणिकबुवांच्या तोंडावर म्हणालास, "कुणी काय विकावं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. इथं कुणी कुणाचा मालक नाही." बुवा चिडले, पण गप्प बसले. मी बोचकं सोडलं. आपल्यासाठी कुणी उठून बोलतं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हे लिहायचं कारण, पुढं जे झालं ते मला इतकं का लागलं, ते वाचणाऱ्याला कळावं.

संध्याकाळी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर आपण भांडायचो. त्या भांडणाशिवाय मला जेवण जात नसे. विषय एकच, सरकार. आमच्या गावाला सरकार वर्षातून एकदा यायचं, तेही घोड्यावर बसून. साहेबाचा तळ पडणार असं कळलं की कोंबड्या दडवायच्या, चांगली जनावरं रानात न्यायची आणि अंगात फाटकं घालायचं. साहेब गेला की गाव पुन्हा आपलं. ओढ्याचा बांध फुटला तर अर्ज कुणी केला नाही. दवंडी झाली, घरटी एक माणूस आणि एक पाटी, आणि दिवस मावळायच्या आत बांध उभा. तुमच्याकडं गल्लीतला एक दगड हलला तरी चौघं जमून अर्ज लिहिणार, आणि दगड राहिला बाजूला, अर्जातल्या इंग्रजीवरून आपसांत भांडणार. हे मी म्हटलं की तू चष्मा पुसायला घ्यायचास. म्हणजे आता मास्तर मारणार.

"गाव एवढं चांगलं, तर तू इथं काय करतोस?"

"धंदा करतोय."

"तो तिथं का नाही केलास?"

मग तू सुटायचास. "रघू, तुम्हा गावच्या लोकांना वाटतं, सरकारच्या नजरेला पडलो नाही म्हणजे मोकळे झालो. मला सरकार दिसतं कुठं? ते कचेरीत बसलंय. मला रोज दिसतात ते पुराणिकबुवा. मी कुणाच्या पंगतीला बसलो, चहा कुठं प्यालो, न्हाव्याकडं कधी गेलो, सगळं त्यांना ठाऊक. कायदा माझ्या स्वयंपाकघरात डोकावत नाही."

"आज नाही डोकावत. एकदा आत घेऊन बघ. आणि बुवांशी भांडता तरी येतं, ते उद्या घाटावर भेटतात. तुझ्या कायद्याशी भांडायला कुठं जाऊ?"

"अपिलात," तू म्हणायचास, आणि दोघंही हसायचो. तुला माझा राग कळायचा, मला तुझी भाषा. तेवढ्यावर आपलं बरं चाललं होतं.

मग पटकीचा तो उन्हाळा आला. आधी नदीपलीकडच्या गावांत, मग शहरात. म्युनिसिपालिटीनं विहिरीविहिरीतून लाल दवा टाकायला सुरुवात केली. सफाईचा दरोगा आपल्या गल्लीत आला तेव्हा विहिरीच्या बंदिस्त चौकाच्या दारातच त्याला अडवलं. पाण्याचा रंग बदलणार, मग देवाला अभिषेक कशाचा करायचा, असं बायका म्हणत होत्या. टाकणारा कोण जातीचा, हा पुराणिकबुवांचा पहिला प्रश्न. माझा प्रश्न वेगळा होता. आज दवा टाकायला आत येतील, उद्या विहिरीवर नंबर घालतील, परवा पट्टी बसवतील. विहीर आपली आहे, तर घाण आपण काढू. सगळे ओरडत होते. मी दरोगाला बाजूला घेतलं, पान दिलं आणि बोलणी केली.

तो म्हणाला, "पंडितजी, हुकूम ऊपर का है."

मी म्हटलं, हुकूम आहे तो रोग हटवायचा. आम्ही विहीर तळापासून उपसतो, तुम्ही स्वतः येऊन बघा. पौर्णिमेपर्यंत थांबा. तोपर्यंत गल्लीत एक जरी माणूस आजारी निघाला, तर हे दार मी माझ्या हातानं उघडतो. तो शहाणा माणूस होता. धर्माचा दंगा झाला तर साहेब आपल्यालाच धरणार, हे त्याला कळत होतं. त्यानं मान डोलावली. मी गल्लीत येऊन सगळ्यांना अट सांगितली आणि सगळ्यांनी कबूल केली. पुराणिकबुवांनी तर हातावर पाणी घेऊन सोडलं. तूही सोडलंस, भास्कर. माझ्या शेजारी उभा होतास.

विहीर उपसली ते दिवस मी विसरणार नाही. दशग्रंथी ब्राह्मण कासोटे खोचून गाळाच्या पाट्या ओढत होते. कुणी विचारलं, "गाळाला सोवळं असतं का हो?" त्यावर वरून उत्तर आलं, "तळाच्या गाळाला असतं, वरच्याला नाही." तळाशी काय काय निघालं. हरवलेल्या पळ्या, एक घंटा, कुणाच्या तरी आजीची दातांची कवळी, जिच्यावर नंतर कुणी हक्क सांगितला नाही. तू चष्मा सुतळीनं कानांना बांधून खाली उतरलास. कुणी ओरडलं, "मास्तर, आत मुलं नाहीत, छडी वर ठेवा." वर आलास तेव्हा ओळखू येत नव्हतास. मी चुनकळी टाकत होतो. तू म्हणालास, "हा चुना कुठल्या वेदातला?"

"आमच्या गावचा," मी म्हटलं. "आणि आपल्या हातानं टाकलेला."

"हात कुणाचा, यावरून पाणी ओळखतोस तू?"

"हो. मग कशावरून ओळखायचं?"

त्या दिवशी गल्लीनं मला पहिल्यांदा "रघुनाथराव" म्हटलं. तोवर मी गडूवाला होतो. चौकाला कुलूप लावायचं ठरलं आणि किल्ली माझ्याकडं दिली. गल्लीत जन्मलेल्या कुणाकडं नाही, माझ्याकडं. पाणी भरायची वेळ ठरवली, एरवी दार बंद, आणि दाराशी मी. काशीत माझं घर नव्हतं, भाड्याची खोली होती. ती किल्ली कमरेला आली तेव्हा मला घर मिळालं. तुला हे मी कधी सांगितलं नाही. तुला कळलं असेल असं वाटत होतं.

अधिकमास होता. दक्षिणेतला कुणी यजमान बालाजी घाटावर पंगत घालत होता आणि गल्लीतले झाडून सगळे पुरुष तिकडं निघाले होते. मी दाराशी बसून होतो. तू आलास.

"रघू, जा. अनारसे आहेत. मी बसतो इथं."

"तू नाही येत?"

"पोट बरं नाही."

"पटकी तर नाही ना? माझा सौदा मोडशील."

"तुला मेल्यावरही सौदाच दिसणार," तू म्हणालास आणि हात पुढं केलास. मी हसत किल्ली दिली. भास्कर, तुझ्या हाताला घाम होता. मला वाटलं, उन्हामुळं.

परत आलो तेव्हा बायका विहिरीभोवती उभ्या होत्या. पोहऱ्यात आलेलं पाणी जांभळट लाल. दार उघडं, कुलूप न तुटता कडीला लटकलेलं, आणि किल्ली आत उंबऱ्यावर. तू नव्हतास.

दिवेलागणीला चौकात सभा भरली. तू मागच्या खांबाशी बसला होतास. पुराणिकबुवांनी सगळ्यांदेखत विचारलं, "रघुनाथराव, किल्ली कुणाकडं होती?"

मी तुझ्याकडं पाहिलं. तू अंगवस्त्राच्या काठाकडं बघत होतास. मला घाई नव्हती. हा माणूस उठणार, याबद्दल मला संशय नव्हता, कारण असाच याच चौकात एकदा तो उठलेला मी पाहिला होता. चष्मा पुसेल, उभा राहील, सगळ्यांना खडे बोल सुनावेल आणि मग मी त्याच्याशी वेगळा भांडेन, असं मी मनाशी धरलं होतं. म्हणून बुवांना म्हटलं, "किल्ली मी सांभाळायची होती. जे झालं ते माझ्या पहाऱ्यात झालं." एवढं बोलून थांबलो. पुढचं वाक्य तुझ्यासाठी ठेवलं होतं.

ते कुणी बोललं नाही. मग दुसरेच बोलायला लागले. दरोगाला पान याच्याच हातचं. बोलणी एकट्यानंच केली. जेवायला आला तो किल्ली देऊनच. गावाकडचा माणूस, सरकारला केव्हा फितूर होईल सांगता येतं का. मी, आणि सरकारला. एकजण म्हणाला, "विहीर विकली." तेव्हा मी उठलो आणि त्याच्या अंगावर गेलो, आणि मला धरणाऱ्यांत तूही होतास. तुझा हात माझ्या दंडावर होता. तो मी झटकला.

तू खरं सांगितलंस, पण ते मला एकट्याला. दुसऱ्या दिवशी, आपल्या पायरीवर. दरोगाला बोलावून दार तूच उघडलं होतंस. पुराणिकबुवांची धाकटी सून मागच्या खोलीत पटकीनं पडली होती. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण गल्लीत आजारी निघालं तर दार उघडणार हे मीच ठरवून बसलो होतो. तिची धुणी पहाटे, मी दार उघडल्यावर बाकी कुणी यायच्या आत, आपल्याच विहिरीच्या कट्ट्यावर होत होती. वहिनींनी तुमच्या गच्चीवरून पाहिलं आणि तुला सांगितलं. सभा चालू होती तेव्हा ती आत मरत होती. सकाळी तिला नेली, आणि बुवांनी लोकांना सांगितलं, नवज्वर.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? माझा शब्द होता. मी स्वतः दार उघडलं असतं."

तू म्हणालास, "तू आधी बुवांकडं गेला असतास. धुणं घाटावर न्या, सुनेला दुसरीकडं हलवा, विहीर पुन्हा उपसू, दरोगाला आणखी एक पान देऊ. तू सौदा केला असतास, रघू. तेवढा वेळ नव्हता."

मी त्यानंतर याचा पुष्कळ विचार केला. ठठेरी बाजारात भट्टीपुढं बसून, हातोड्यांच्या आवाजात, दुसरा विचारच केला नाही म्हण. आणि माझं उत्तर तेच आहे. मी दार उघडलं असतं. शिव्या दिल्या असत्या, बुवांच्या घरापुढं उभा राहून गल्ली गोळा केली असती, पण उघडलं असतं. कारण शब्द दिला होता, आणि बाजारात माझ्याकडं दुसरं भांडवल कधी नव्हतं. तो शब्द पाळायची माझी वेळ तू मला न विचारता स्वतः घेऊन टाकलीस. माणसानं आपलं आपण ठरवावं, असं जन्मभर शिकवणाऱ्यानं. गावच्या पंचांनी मला तराजू धरू दिला नाही. तू किल्ली धरू दिली नाहीस. तुझ्या आणि त्यांच्यात फरक काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर गल्लीत कुणी पटकीनं गेलं नाही. तू म्हणत राहिलास, लाल दव्यामुळं. मी म्हणत राहिलो, आम्ही उपसा केला म्हणून, आणि बुवांनी भिऊन धुणं थांबवलं म्हणून. हे भांडण कुठल्याच अपिलात सुटणार नव्हतं, आणि त्याचा मला कंटाळाही नव्हता. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, "चौकात बोल. एकदाच. किल्ली माझ्याकडं होती, एवढं म्हण."

"गोदूचं लग्न ठरतंय. बुवांच्या नात्यातलं स्थळ आहे. तेवढं होऊ दे."

मी थांबलो. तुझी पोरगी माझ्या मांडीवर खेळलेली. तोवर उपाध्यायांनी आपले यजमान माझ्याकडं पाठवणं बंद केलं होतं, आणि घरमालकानं खोली मागितली होती. मी ठठेरी बाजारात गेलो. तिथं भांडी घडवणारे कसेरे होते, त्यांना माझं कुळ नको होतं, काम हवं होतं. धंदा पुन्हा उभा केला, पूर्वीपेक्षा मोठा, आणि त्यात कुणाचा हात नाही. गोदूच्या लग्नाला आलो. मला वेगळ्या पंगतीत बसवलं. तू वाढायला आलास, माझ्या पानावर जिलबी वाढलीस आणि म्हणालास, "आणखी घे." मी घेतली. लग्न झालं, वर्ष गेलं, गोदू नांदायला लागली. तू काही बोलला नाहीस.

मी म्हटलं होतं तसंच झालं. चौकाच्या भिंतीवर नंबर आला, मग नळ आला, मग नळाची पट्टी आली, आणि विहिरीवर दगडी झाकण पडलं. पाणी आता साहेबाच्या वेळेला येतं. तू घाटावर भेटलास की म्हणायचास, "नळाशी तुझं गोत्र कुणी विचारत नाही." त्यात खोटं काही नाही. माझ्याच दुकानासमोर नळावर मी पाहतो, ज्यांना आपल्या गल्लीच्या चौकात कुणी येऊ दिलं नसतं, ते हक्कानं घागर लावतात आणि कुणाला नमस्कार घालत नाहीत. हे मला आवडतं. तुझ्या तोंडावर कबूल केलं नाही, कारण तू उत्तरात दुसरं एक वाक्य देणं लागत होतास.

तू आजारी आहेस हे कळल्यावर मी आलो. वहिनी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या, ते मुद्दाम, हे मला समजलं. आपण दोघंच होतो. मी खाटेशी बसलो. 

"रघू, तुझं गाव एकदा बघायचं होतं."

"दोन दिवस टिकला नसतास. तिथं अर्ज कुणाकडं करणार?"

तू हसलास, त्यानं खोकला आला, मी पाठ चोळली. हाड न् हाड हाताला लागत होतं. मला वाटलं, आता बोलेल. तू म्हणालास, "ओढ्याचा बांध अजून आहे का रे?" मी म्हटलं, "असेल." तू डोळे मिटलेस. मी उशिरापर्यंत बसून राहिलो, म्हणजे वहिनींनी उठवेपर्यंत. घरी जाताना मी तुला माफ करून टाकलं होतं, भास्कर. हे खरं सांगतो. माणूस भित्रा असू शकतो, लेकीचा बाप असू शकतो, आणि एकदा वेळ टळली की जीभ उचलत नाही, असं मी माझ्या मनाशी सगळं बसवून घेतलं होतं. तू गेलास तेव्हा मी खांदा दिला तो त्या मनानं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी वहिनींना भेटायला गेलो. त्या आतल्या दाराशी बसल्या होत्या.

"भावजी, सभेतून उठून गेलात म्हणे."

"बुवांचं ऐकवेना. निर्भीड म्हणे. त्यांना एकदा कळायला हवं होतं, दार कुणी उघडलं ते."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "तुम्हाला ह्यांनी सांगितलं नाही?"

"काय?"

"बुवांना ठाऊक होतं. त्या दिवशी चौकातल्या सभेच्या आधी ते इथं आले होते, तुम्ही बसलात तिथंच बसले. म्हणाले, मास्तर, मी पंगतीला गेलो नाही, माझ्या माडीवरून सगळं दिसलंय. तुम्ही माझ्या घरातलं बोलू नका, मी तुमचं बोलत नाही."

"आणि हा काय म्हणाला?"

"'बरं' म्हणाले."

मी विचारलं, माझं नाव निघालं होतं का. वहिनी म्हणाल्या, निघालं होतं. बुवा म्हणाले होते, कुणाचं तरी नाव लागेल, लोक विचारतील. त्यावर तू काही बोलला नाहीस, असं त्या म्हणाल्या. मग त्या रडायला लागल्या आणि मला उठता येईना.

म्हणजे चौकात बुवांनी मला विचारलं, तेव्हा उत्तर त्यांच्याजवळ होतं. आणि मी तुझ्याकडं पाहिलं, तेव्हा तू गोंधळलेला नव्हतास, घाबरलेलाही नव्हतास. तुझं ठरलेलं होतं. गोदूचं लग्न हे कारण तू नंतर दिलंस. सौदा त्याआधीच झाला होता, तुझ्या ओसरीवर, दोन घरंदाज माणसांत, सरकारला न विचारता आणि कायद्याशिवाय. तू ज्या बुवांपासून सुटायला नळ मागत होतास, त्याच बुवांशी. मला सौदेबाज म्हणायचास तू. मी आयुष्यभर जे विकलं ते माझं होतं, भास्कर. तू माझं नाव दिलंस.

हे सगळं छापल्यावर बुवा काय म्हणतील ते म्हणोत. मला आता गल्लीत परत यायचं नाही आणि ती किल्ली कशाचीही राहिलेली नाही. दार तू उघडलंस, एवढं एकदा लिहून ठेवतो, कारण ती तुझ्या आयुष्यातली सगळ्यात धीट गोष्ट होती आणि तुझ्या सभेत तिचं नावही कुणी घेतलं नाही.

एकच सांगायचं राहिलं. त्या दुपारी बुवा उठून गेल्यावर माझी खोली चार घरं पलीकडं होती. यायचं होतंस. म्हणायचं होतंस, रघू, असं असं झालंय, माझ्यासाठी तुझं नाव लावून घे. मी आधी दोन शिव्या दिल्या असत्या. मग दिलं असतं. तुला ते मागावंसं वाटलं नाही. मागितलं असतंस तर त्या एका वेळी मी भाव केला नसता.